म्हापशाचा शुक्रवारचा बाजार : काय चाखावे, काय विचारावे आणि घरी काय न्यावे

उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे म्हापसा. तिथला बाजार आठवडाभर चालू असतो, पण बाजाराचा खरा दिवस शुक्रवार. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून बायका टोपल्या आणि पोती घेऊन पहाटेच निघतात. पेडणे, डिचोली, सत्तरीकडचा माल येतो, आणि सीमेपलीकडच्या दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी भागातले विक्रेते व गिऱ्हाईकही येतात. सिंधुदुर्गातल्या अनेक घरांना हा बाजार आपलाच वाटतो. माझ्या घरीही कोकम, खारवलेली मासळी आणि लाल मिरची यांची वर्षाची बेगमी इथूनच होत असे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते ऐकीव नाही, बऱ्याच शुक्रवारांच्या फेऱ्यांतून जमा झालेले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गोव्यात रोज शिजणाऱ्या भाजीपैकी बरीचशी भाजी घाट उतरून बेळगावहून येते, आणि म्हापशाच्या बाजारातही ती ढिगांनी असते. त्या भाजीत वाईट काही नाही, पण ती खाण्यासाठी म्हापशापर्यंत येण्याची गरज नाही. इथल्या मातीतली, इथल्या पाण्यावर वाढलेली आणि इथल्या बायकांनी स्वतः पिकवलेली वस्तू नेमकी कोणती हे ओळखता आले, तर या फेरीतले इतर सगळे सोपे होते. या मार्गदर्शनात सर्वांत जास्त जागा त्या ओळखीला दिली आहे.

हंगाम पाहून शुक्रवार निवडा

बाजाराचे रूप दर दोन महिन्यांनी पालटते. म्हणून आधी काय खायचे आहे ते ठरवावे आणि मग दिवस निवडावा.

भातकापणीनंतर शेतात भाजीचे वाफे पडतात आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत त्यांचा माल येत राहतो. तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वालाच्या शेंगा, वांगी आणि रताळी, ज्यांना इथे कणगां म्हणतात, हे सगळे या दिवसांत ताजे आणि स्वस्त मिळते. ज्यांना भाजीतच रस आहे त्यांनी जानेवारीतला एखादा शुक्रवार धरावा.

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचे दिवस मात्र सर्वांत भरगच्च. या काळात पावसाळ्याची बेगमी केली जाते. तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. किनारपट्टीवर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, आणि बंदीचा कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या समुद्रामुळे होड्या किनाऱ्यावरच राहत. पाऊस लागला की मिरची वाळवता येत नाही आणि कोकम सुकत नाही. त्यामुळे चार महिने पुरेल इतकी सुकी मासळी, मीठ, मिरची, चिंच, कोकम, कांद्याच्या माळा, कडधान्ये आणि उकडा तांदूळ मे महिन्यातच घरात येऊन पडायला हवा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आंबा, फणस, काजू आणि करवंदे याच दिवसांत येतात. पहिल्यांदाच येणाऱ्याने मेच्या पहिल्या पंधरवड्यातला शुक्रवार निवडावा, असे माझे मत आहे. ऊन कडक असते, पण सोसावे, कारण एवढा विविध माल पुन्हा वर्षभर एका जागी दिसत नाही.

जून ते ऑगस्टमध्ये गर्दी ओसरते आणि रानभाज्यांचे दिवस येतात. टायकिळा, तेरे, लुती, कोवळे बांबूचे कोंब, फागलां म्हणजे आपली करटुली, आणि नशीब असेल तर वारुळांवर उगवणारी रानटी अळंबी पानांत बांधून विकायला येते. गणेशचतुर्थीच्या आधीचा बाजार आणखी वेगळा असतो. गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात तिच्यासाठी सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगे, कांगले अशी रानातली आणि परसातली फळे तेव्हा रस्त्याच्या कडेने मांडलेली असतात. खाण्यापेक्षा पाहण्यासाठी तो बाजार जास्त मोलाचा आहे.

पोहोचणे आणि सोबत घ्यायच्या वस्तू

पणजीपासून म्हापसा साधारण 13 किलोमीटर आहे आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्या थोड्याथोड्या वेळाने सुटतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी स्थानकावर उतरावे. सावंतवाडीहून महामार्गाने सुमारे 50 किलोमीटर अंतर पडते. शुक्रवारी गाडी लावायला जागा मिळणे अवघड जाते, म्हणून शक्य असेल तर बसनेच यावे. बसस्थानकापासून बाजार चालत गाठता येतो.

सकाळी आठच्या सुमारास बाजारात असावे. नऊनंतर गर्दी वाढते, आणि घरची दोनचार जुड्या भाजी घेऊन आलेल्या बायकांचा माल दहाअकराच्या आतच संपून त्या परतीच्या बसला लागतात. दुपारी जे उरते ते बहुतांशी व्यापाऱ्यांचे असते. सोबत दोन कापडी पिशव्या, सुक्या मासळीसाठी घट्ट झाकणाचा एक डबा, पाण्याची बाटली, एक लहान सुरी आणि दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा असाव्यात. मोबाईलवरून पैसे घेणारे आता पुष्कळ झाले आहेत, पण खाली गोणपाटावर बसलेल्या म्हातारीकडे तो फलक असेलच असे नाही, आणि ज्या मालासाठी आपण आलो आहोत तो नेमका तिच्याकडेच असतो.

आधी न्याहारी करा

उपाशी पोटी बाजारात शिरले की खरेदी चुकते आणि जिभेला चवीचा नीट पत्ता लागत नाही. बाजाराच्या आत आणि भोवती लहान हॉटेले आहेत. तिथे भाजी-पाव मागावा. पातळ भाजी म्हणजे बहुधा वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटणातली. सुकी भाजी बटाट्याची. आणि दोन्ही एका बशीत हवी असेल तर नुसते ‘मिक्स’ म्हटले की पुरते. सोबत मिरचीचे भजे घ्यावे. कित्येकांना बन आवडतो, पिकलेले केळे मळून केलेली ती किंचित गोड पुरी तिखट भाजीबरोबर खरोखर छान लागते.

पाव मात्र लक्ष देऊन निवडावा, कारण गोव्यात पाव एकच नसतो. पोळी किंवा पोयो हा कोंड्याचा, आतून पोकळ आणि चपटा. उंडो गोल आणि कडक पापुद्र्याचा. कातरो मध्ये कापून फुलपाखरासारखा उलगडलेला. आणि कांकण म्हणजे चहात बुडवून खायचे कडक कडे. पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. पातळ भाजीबरोबर उंडो घ्यावा, पोळी घरी नेण्यासाठी राखून ठेवावी. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

परसातला माल कसा ओळखावा

न्याहारी झाल्यावर लगेच खरेदीला लागू नये. रिकाम्या हाताने एक पूर्ण फेरी मारावी आणि या फेरीत फक्त पाहावे. व्यापाऱ्याच्या मालाचे आकार सारखे असतात, भाज्या दहापंधरा प्रकारच्या असतात आणि मागे क्रेट किंवा मोठी पोती रचलेली दिसतात. घरचा माल घेऊन आलेली बाई सहसा जमिनीवर बसते. तिच्यापुढे तीनचारच वस्तू असतात आणि त्या एकमेकींशी न जुळणाऱ्या असतात: तांबड्या भाजीच्या आठ जुड्या, एक नीरफणस, पाच नारळ, वाटीभर तिरफळे आणि एखादा केळीचा घड. एका परसात एका आठवड्यात जे तयार झाले तेच तिच्यापुढे आहे. जुड्या केळीच्या सोपाने किंवा गवताच्या काडीने बांधलेल्या असतात, मुळांना माती असते, वांगी लहानमोठी असतात. असे चित्र दिसले की तिथे थांबावे.

मग एकच प्रश्न विचारावा: “मावशी, हे घरचे का?” कोकणीत विचारायचे तर “हें घरचें?” एवढे पुरते. मराठी सगळ्यांना समजते, पण हे दोन शब्द कोकणीत उच्चारले की पुढचे बोलणे मोकळे होते, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. घरचे असेल तर ती गाव सांगते, कधी पेरले ते सांगते आणि न विचारता कसे शिजवायचे तेही सांगते. विकत आणलेले असेल तर उत्तर आखूड येते. उत्तरापेक्षा या फरकाकडे लक्ष द्यावे.

काही वस्तूंची ओळख मात्र बोलण्यावर अवलंबून नाही, ती डोळ्यांनी पटवून घेता येते. साध्या भेंडीला पाच शिरा असतात, पण गोव्याची जुनी स्थानिक भेंडी सात शिरांची आहे. ती लांब, फिकट हिरवी आणि जाड असते, आणि पावसाळ्यात येते. बोटाने शिरा मोजाव्यात. एवढी सोपी आणि पक्की परीक्षा दुसऱ्या कुठल्या भाजीला नसेल. आगशीची वांगी आकाराने मोठी, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात, आणि काप करून रव्यात घोळवून तव्यावर भाजायला त्यांच्यासारखी वांगी नाहीत. या भेंडीला आणि वांग्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

केळ्यांत म्हापशाजवळच्या मयडे गावची मोठी केळी जरूर पाहावीत. ती जाड सालीची, लांब आणि भरीव असतात, आणि त्यांचा आटवून हलव्यासारखा गोड पदार्थ करतात. ती घ्यायची असतील तर कधी खाणार ते विक्रेतीला सांगावे आणि फणी तिलाच निवडू द्यावी. आज खायची आणि चार दिवसांनी खायची अशी केळी ती हाताच्या स्पर्शावरून वेगळी करते.

रानभाज्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. तेरे आणि लुती यांना खाज असते. चिंच, कोकम किंवा आंबाडा असा काहीतरी आंबट पदार्थ घालून त्या नीट शिजवल्या नाहीत तर घसा खवखवतो. म्हणून भाजी घेताना पाककृती विक्रेतीकडूनच विचारून घ्यावी आणि तिने सांगितलेले आंबट कमी करू नये. रानटी अळंबी ओळखीच्या, दरवर्षी तीच वस्तू विकणाऱ्या बाईकडूनच घ्यावी. स्वतःच्या पारखेवर विसंबून अनोळखी अळंबी घेणे जिवावर बेतू शकते.

सुका माल : इथेच खरी चाखणी

फळे आणि भाजी डोळ्यांनी पारखता येते, सुका माल मात्र जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. चिमूटभर चाखायला मागितले तर इथे कोणी वाईट मानत नाही. परवानगी मात्र विचारावी, आणि चाखलेला माल पसंत पडला तर थोडा तरी घ्यावा.

कोकमापासून सुरुवात करावी. फळांना इथे भिरंडां आणि वाळवलेल्या सालींना सोलां म्हणतात. साली त्यांच्याच रसात मीठ घालून पुनःपुन्हा भिजवतात आणि प्रत्येक वेळी उन्हात सुकवतात. ज्याने हे पुरेसे वेळा केले त्याचे सोल गडद, मऊ आणि चामड्यासारखे लवचिक होते. ज्याने घाई केली त्याचे फिकट आणि ताठ राहते. एक सोल तोंडात धरावे. पहिल्यांदा मीठ लागेल, मग आंबट, आणि शेवटी फळाचा मंद गोडसर वास यायला हवा. फक्त मीठच लागत राहिले तर वजन वाढवण्यासाठी मीठ जास्त टाकले आहे असे समजावे. मेच्या सुरुवातीला नवे कोकम अजून ओलसर असते. ते महिन्याच्या अखेरीस घेतलेले बरे. त्याच विक्रेतीकडे आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, बाटलीत मिळतो. सोलकढीसाठी तो सोयीचा आहे.

मिरचीच्या ढिगापुढे सर्वांत जास्त वेळ काढावा. काणकोण तालुक्यातली खोला मिरची आणि पेडण्यातली हरमल मिरची या गोव्याच्या दोन नावाजलेल्या जाती. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि खोला प्रामुख्याने डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढते. खोला रंगाने झगझगीत लाल आणि तिखटपणात मध्यम, त्यामुळे आमटीला रंग येतो आणि जीभ भाजत नाही. शेजारच्याच पोत्यात बाहेरून आलेली स्वस्त मिरची असते आणि नवख्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मिरची हातात घेऊन कानाजवळ हलवावी, बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग मधोमध मोडावी, ‘कट’ असा आवाज व्हायला हवा. वाकली, पण मोडली नाही, तर ती पुरती वाळलेली नाही. एका वर्षी रंगाला भुलून मी अशीच ओलसर मिरची दोन किलो घेतली. ऑगस्टमध्ये डबा उघडला तेव्हा आत बुरशी होती आणि सगळी मिरची टाकावी लागली. बुरशी आलेली मिरची उन्हात ठेवून, पुसून वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष वाळवल्याने किंवा शिजवल्याने जात नाही.

तिरफळे घेताना फुटलेली, बी गळून गेलेली टरफले पाहावीत. सुगंध टरफलात असतो, बी टाकायचेच असते. एक टरफल दातांखाली किंचित दाबले की लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि जीभ क्षणभर बधिर होते. हे घडले नाही तर माल जुना आहे. बांगड्याच्या आमटीला आठदहा टरफले पुरतात, म्हणून वाटीभर घेतली तरी वर्ष निघते.

माडाचा गूळ इथे काळसर तपकिरी, वर निमुळत्या ढेपांत मिळतो. उसाच्या गुळाची चव लगेच गोड लागते. माडाच्या गुळात आधी खमंगपणा आणि किंचित खारटपणा येतो, गोडी मागाहून येते. खापरीसारखा तुकडा मागून चाखावा. मीठही इथलेच घ्यावे. गोव्याच्या मिठागरांतले जाड, करड्या झाकेचे मीठ मासळी आणि कैरी खारवण्यासाठी फार चांगले असते. ते आयोडीनयुक्त नसते, म्हणून रोजच्या जेवणात केवळ त्यावर अवलंबून राहू नये.

कडधान्यांत पेडण्याकडचे आळसांदे मागावेत. चवळीसारखेच, पण दाणा मोठा आणि शिजल्यावर लोण्यासारखा मऊ. उकडा तांदूळ तांबूस, जाड आणि पेजेसाठी उत्तम. दाणा दाताखाली फोडला तर आत पांढरा ठिपका न दिसता सारखा पारदर्शक असावा, म्हणजे तो नीट उकडला आहे असे समजते.

सुक्या मासळीकडे नाक धरून पाहणारे पुष्कळ असतात, पण पुरुमेंताचा गाभा तोच आहे. सुके बांगडे, पेडवे, सुंगटां म्हणजे कोळंबी, आणि अगदी बारीक गोलमो हे प्रकार मुख्य. चांगल्या सुक्या मासळीला समुद्राचा तीव्र वास असतो, कुजल्याचा नसतो. हा फरक सांगून कळणार नाही, दोन दुकानांतली मासळी लागोपाठ हुंगली की कळतो. बांगडा दाबला तर बोट रुतता कामा नये आणि त्यावर गुलाबी किंवा लालसर डाग नसावेत, कारण ते खारवलेल्या मासळीवर वाढणाऱ्या जिवाणूंचे लक्षण आहे. नवख्याने सुंगटांपासून सुरुवात करावी. ती कोरडी भाजून, कांदा, ओले खोबरे, तिखट आणि कोकमाचे पाणी घालून कालवली की किसमूर तयार होतो, आणि पेजेबरोबर त्याच्या जोडीला बसणारे दुसरे तोंडीलावणे मला माहीत नाही.

डुकराचे मांस खाणाऱ्यांनी चोरिसांच्या ओळीकडे वळावे. लाल माळांसारखी टांगलेली ही सॉसेजे म्हापशाची खास ओळख आहे. मांसाचे तुकडे मीठ, मिरची, मसाला आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर यांत मुरवून आतड्यात भरतात आणि सुकवतात. ती कच्ची असतात, म्हणून बाजारात चाखण्यासाठी मागू नयेत. चव पाहायची तर जवळच्या हॉटेलात चोरिस-पाव खावा आणि मग घ्यावीत. घेताना मण्यांचा आकार, मांस आणि चरबीचे प्रमाण पाहावे. घरी आणल्यावर थोड्या पाण्यात उकळावीत, पाणी आटले की त्यांच्याच सुटलेल्या चरबीत कांदा आणि बटाटा परतावा. वेगळे तेल आणि मीठ लागत नाही.

आंबा, काजू आणि कलिंगड

गोव्यात आंबा म्हटले की पहिले नाव मानकुरादचे. हे नाव पोर्तुगीजमधल्या ‘मालकोरादो’ म्हणजे ‘रंग नीट न आलेला’ या शब्दावरून आले, असे मानतात. पिकल्यावरही सालीला तांबूस छटा येत नाही, आतला गर मात्र रेशाविना आणि दाट केशरी-पिवळा असतो. हापूसवर वाढलेल्या माणसानेही तो निमूटपणे मान्य करावा इतका तो चांगला आहे, आणि हे मी कोकणातला असून लिहितो आहे. हंगामाच्या आरंभी त्याचा भाव डझनाला काही हजार रुपयांपर्यंत जातो, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे. देठाजवळ हुंगावे; वास तिथे सर्वांत आधी येतो. मुसराद मुरांब्यासाठी, हिलारियो उशिरा येणारा आणि अतिशय गोड. विक्रेत्याने फोड कापून दिली तर ती खाऊनच डझन ठरवावे.

काजूच्या बोंडांचा निरो एप्रिल-मेमध्ये बाटल्यांत येतो. बोंडे तुडवून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून ठिबकणारा हा स्वच्छ रस आहे. काही तासांतच तो आंबू लागतो, म्हणून सकाळी घेऊन तिथेच प्यावा. उर्राक आणि फेणी या बोंडांच्या आंबवलेल्या रसापासून गाळलेल्या दारू. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. लेबल नसलेल्या बाटलीतली दारू विकत घेऊ नये, गाडी चालवायची असेल तर चाखूही नये, आणि सीमेपलीकडे मद्य न्यायचे असेल तर परवाना लागतो हे विसरू नये.

म्हापशाला लागून असलेल्या पर्रा गावची कलिंगडे एके काळी फार नावाजलेली होती. दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांची म्हणून सांगितली जाणारी एक आठवण इथे सर्वांना ठाऊक आहे: जुना शेतकरी आपली सर्वांत मोठी कलिंगडे गावातल्या मुलांना फुकट खाऊ घाली, अट एवढीच की बिया टोपलीत टाकायच्या, आणि त्याच बियांची पुढच्या वर्षी पेरणी होई. पुढच्या पिढीने मोठी फळे बाजारात विकली, लहान फळांचे बी राखले आणि काही वर्षांत फळ लहान होत गेले. म्हणूनच एखादी भाजी किंवा फळ फार आवडले तर “बी मिळेल का?” असे विक्रेतीला विचारण्यात संकोच करू नये. बहुतेक जणी पुढच्या शुक्रवारी कागदात बांधून आणून देतात.

गोड पदार्थांपुढे थोडे थांबावे. बेसनाच्या काड्यांवर गूळ, आले आणि तिळाचा लेप दिलेले खाजे जत्रेत आणि फेस्तात, म्हणजे चर्चच्या उत्सवात, हमखास मिळते, बाजारातही असते. ते ताजे असेल तर कुरकुरीत मोडते. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ यांचा असतो. थराथरांच्या बेबिंकात अंडी असतात, हे शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे. दोस हरभऱ्याच्या डाळीचा आणि पेराद पेरूची, हे दोन्ही प्रवासात टिकतात.

भाव आणि बोलणे

भाजी आणि मासळी इथे पुष्कळदा किलोवर नव्हे, वाट्यावर विकतात. वाटा म्हणजे समोर मांडलेला लहान ढीग, कोकणीत वांटो. भाव विचारून झाल्यावर दोन ढिगांतला आपल्याला हवा तो निवडावा. आतली वस्तू बदलून मागू नये. चार जुड्यांच्या मालकिणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणे मला कधी योग्य वाटले नाही. तिचा बसचा खर्चही त्याच जुड्यांतून निघायचा असतो. जास्त घेणार असाल तर भाव पाडण्याऐवजी “वर दोन घाला” असे म्हणावे. ते तिला सहज देता येते आणि दोघांनाही चालते. मिरची, कोकम, सुकी मासळी मोठ्या प्रमाणात घेताना मात्र तीन ठिकाणी भाव विचारणे रास्तच आहे. छायाचित्र काढण्याआधी विचारावे, आणि माल घेतल्यावर विचारावे.

घरी नेणे आणि नीट ठेवणे

खरेदीचा क्रम जडाकडून नाजुकाकडे ठेवावा: आधी तांदूळ, मीठ, नारळ, मग सुका माल, मग फळे, आणि अगदी शेवटी पालेभाजी व ताजी मासळी. सुकी मासळी कागदात गुंडाळून डब्यात घालावी आणि डब्याला वरून आणखी एक पिशवी द्यावी, म्हणजे बसमधल्या किंवा रेल्वेच्या डब्यातल्या सहप्रवाशांना त्रास होत नाही. आंबे देठ खाली करून गवतात रचावेत.

घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी पालेभाजी निवडून ठेवावी आणि मासळी असल्यास शिजवावी. चोरिस वाऱ्यावर टांगता येतात, पण पावसाळी हवेत शीतपेटी बरी. शनिवारी सकाळी मिरची, कोकम आणि सुकी मासळी वेगवेगळ्या चटयांवर पसरून निदान दोन दिवस कडक उन्हात ठेवावीत, बाजारात कितीही वाळलेली वाटली तरी. मिरची गार झाल्यावरच बरणीत भरावी. गरम भरली की आत घाम धरतो. कोकमाच्या बरणीत तळाशी आणि वर मुठभर जाड मीठ घालावे, मासळीसाठी काचेची बरणी वापरावी, आणि जूनमध्ये पाऊस उघडून ऊन पडेल त्या प्रत्येक दिवशी सगळ्या बरण्या एकदा उघडून पाहाव्यात.